अर्ध्या अंगाची ताकद नेणारी अर्धशिशी : आधी काय, मग काय

जुळे सोलापुरात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर एकच चूक दोन तोंडांनी येते. एक जण म्हणतो, "पोरीच्या हातातली ताकद गेली होती, पण तिला अर्धशिशीच आहे, जरा स्ट्राँग गोळी द्या." दुसरा म्हणतो, "वारं गेलंय म्हणून आठ दिवस अॅडमिट ठेवलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आता पुढं काय तेच कळंना." पहिल्यानं शेवटची पायरी आधी घेतलेली असते. दुसरा अर्ध्या जिन्यावर थांबलेला असतो.

माझ्या भाचीला हाच आजार आहे आणि पहिल्या वेळी आमच्या घरानंही क्रम चुकवला. मी डॉक्टर नाही. औषध ठरवणं न्यूरोलॉजिस्टचं, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांचं काम. त्यांच्यापर्यंत काय घेऊन जायचं आणि त्याआधी काय करायचं नाही, एवढंच इथं आहे.

आजाराचं नाव हेमिप्लेजिक मायग्रेन. मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी किंवा दुखताना 'ऑरा' येतो : डोळ्यांपुढं नागमोडी चमकत्या रेघा, बोटांना मुंग्या, शब्द न सापडणं. त्यातल्या फार थोड्यांची एका बाजूच्या हातापायाची ताकदही जाते आणि नंतर पूर्ण परत येते. डेन्मार्कमधल्या पाहणीत हे प्रमाण दहा हजारांत एक असं निघालं. म्हणजे एका बाजूची ताकद गेलेला माणूस समोर असेल, तर तो लकव्याचा, म्हणजे मेंदूत गुठळी अडकून किंवा रक्तस्राव होऊन येणाऱ्या स्ट्रोकचा, असण्याची शक्यता या आजारापेक्षा कितीतरी जास्त. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १ : पहिल्या वेळी लकवाच समजा

त्या संध्याकाळी भाची ओट्यापाशी उभी होती. अकरावीत होती तेव्हा. शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण उघडत होती, आणि उजवा हात झाकणावरून नुसता घसरत होता. "मामा, झाकण… झाकण…" एवढंच म्हणत राहिली. पुढचा शब्द येईना. आम्ही तिला आडवं केलं, कपाळाला बाम लावला, पाणी पाजलं. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर सांडलं, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहण्यात पावणेदोन तास गेले. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "किती वाजता सुरू झालं?" घरातल्या तिघांनी तीन वेळा सांगितल्या.

म्हणून क्रम असा :

१. घड्याळ बघा आणि वेळ लिहा. सुरुवात कुणी पाहिली नसेल, तर माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहा. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर झोपायला गेला ती वेळ.

२. चार गोष्टी बघा : हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का; दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का; साधं वाक्य म्हणायला लावा; चालताना तोल जातो का. एक जरी बिघडलेली दिसली तरी पुढं जा.

३. १०८ लावा, किंवा गाडी हाताशी असेल तर निघा. गल्लीतल्या दवाखान्यात आधी दाखवू, मग बघू, हे नको. चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतं तिथं थेट जायचं. सिव्हिल असो की खाजगी, तुमच्या घराजवळ अशी सोय कुठं आहे हे आजच फोन करून विचारून ठेवा. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडच्यांनी तर नक्कीच.

४. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा. साखर फार उतरली की हुबेहूब लकव्यासारखी एक बाजू लुळी पडू शकते, विशेषतः इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर. पण यंत्र शोधण्यात पाच मिनिटं घालवू नका, दवाखान्यात ते तपासतातच.

घाई कशासाठी? मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मोठी गुठळी नळी घालून काढण्याची मुदत निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत जाते, पण जितका उशीर तितका मेंदू जास्त जातो.

सावध : तोंडातून काहीही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. गिळण्याचे स्नायू ढिले असले की घोट फुप्फुसात जातो. घरच्या घरी अॅस्पिरिनही नको, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. कांदा हुंगवणं, तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं, यातल्या कशानंही फायदा होत नाही, वेळ तेवढा जातो.

तपासा : "माझ्या आईला मायग्रेन आहे, म्हणून मलाही तेच असणार," असं मनात आलं का? मायग्रेन असलेल्या माणसालाही लकवा होतोच. ऑरा असणाऱ्यांना तर तो धोका इतरांपेक्षा थोडा जास्तच असतो.

पायरी २ : कॅज्युअल्टीत काय सांगायचं

तिथं बोलायला मिनिटभर मिळतं. आधी वेळ सांगा. मग कोणती बाजू, बोलण्यात फरक आहे का, डोकं दुखतंय का, ताप किंवा फिट आली का, डोक्याला मार लागला का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. "याआधीही असं होऊन गेलंय" ही माहिती सगळ्यात शेवटी. ती लपवू नका, पण सुरुवात तिनं करू नका. "जुनंच आहे" हे शब्द आधी पडले की ऐकणाऱ्याची घाई ओसरते.

सीटी नॉर्मल आला म्हणजे मायग्रेन, असा अर्थ लावू नका. गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत सीटीत दिसेलच असं नाही. ताजा लकवा एमआरआयमध्ये जास्त चांगला कळतो. फिट येऊन गेल्यावरही काही तास एक बाजू लुळी राहू शकते, म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, सांगतात. ताप आणि गुंगी असेल तर पाठीतलं पाणी तपासायला सांगतील. घाबरू नका, मेंदूचा संसर्ग नाही ना हे बघायचं असतं.

डिस्चार्जच्या वेळी एमआरआयची फिल्म किंवा सीडी, ईईजी आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्या आणि एकाच फाइलमध्ये ठेवा. आमच्या पहिल्या वेळचा ईईजी आजतागायत सापडलेला नाही.

पायरी ३ : मिनिटांची नोंद

निदानाचा खरा पुरावा फाइलमध्ये कमी आणि या नोंदीत जास्त असतो. हा आजार दाखवणारं कोणतंही नेहमीचं स्कॅन नाही. न्यूरोलॉजिस्ट तुमच्या सांगण्यावरून ओळखतात, आणि आपण सांगतो काय, तर "अचानक झालं हो, आणि मग बरं वाटलं."

लकव्यात सगळं बहुधा एकदम येतं, बटण बंद केल्यासारखं. मायग्रेनच्या ऑरात लक्षणं सरकत येतात. मेंदूच्या वरच्या थरावरून मिनिटाला दोन ते पाच मिलिमीटर वेगानं एक लाट जाते. ती जिथं पोचते तिथले पेशीसमूह आधी चाळवतात आणि मग काही काळ गप्प होतात. म्हणून आधी चमक दिसते, मग तो भाग दिसेनासा होतो; आधी मुंग्या, मग बधिरपणा. हे सरकणं कागदावर दिसलं पाहिजे.

दुसऱ्या झटक्याच्या वेळी माझ्या बहिणीनं गॅसच्या पावतीमागं लिहिलेली नोंद जशीच्या तशी देतो. निम्मी तिनं रिक्षात बसून लिहिली होती :

७:१० उजव्या बाजूला चमकतंय, पुस्तकातली अक्षरं तुटतात
७:२५ उजव्या बोटांना मुंग्या
७:४० मुंग्या कोपरापर्यंत, ओठाचा कोपरा बधिर
७:५० पेन सुटला, हात समोर धरला की खाली येतो. निघालो
८:०५ 'पाणी'ला 'पान' म्हणाली
८:३० डावीकडून डोकं ठणकतंय, उलटी
सकाळी ६ पकड आली, पाय ठीक

जाड फाइलमधलं दुसरं काही बघण्याआधी डॉक्टरांनी ही पावती दोनदा वाचली.

लिहिताना लोक हमखास गल्लत करतात ती बधिरपणा आणि अशक्तपणा यांत. "हात मेला," असं आपण दोन्हीला म्हणतो. मुंग्या येऊन हात जड वाटणं साध्या ऑरातही होतं. ताकद खरोखर जाणं हीच या आजाराची खूण. त्यामुळं वाटण्यावर जाऊ नका, करून बघा. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरा, मनात दहा आकडे मोजा : एक हात खाली येतो किंवा तळवा आत वळतो का? तुमची दोन बोटं एका वेळी एका मुठीत दाबायला द्या : दोन्ही पकडींत फरक आहे का? बसल्या-बसल्या एकेक पाय उचलता येतो का? उत्तर "येतं" किंवा "येत नाही" असं लिहा. "थोडं वाटतं" लिहू नका.

डोळ्यांचंही तसंच. एकेक डोळा झाकून बघायला सांगा. लाट मेंदूत असते, त्यामुळं चमक सहसा दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूला दिसते.

रोग्याजवळ दुसरं कुणी असेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा : चेहरा, हात, दोन वाक्यं बोलताना. डॉक्टरांना दाखवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. भाचीचं कुणीतरी टाकलं होतं, ती महिनाभर कुणाशी धड बोलली नाही.

तपासा : नोंदीत चार गोष्टी आल्या का? प्रत्येक लक्षणाची सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, बाजू, आणि ताकदीसोबत दुसरं काय झालं. डोकं आणि अशक्तपणा विरुद्ध बाजूंनाच असतील असं नाही, एकाच बाजूलाही असतात, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहा.

पायरी ४ : न्यूरोलॉजिस्टकडं जाताना

जगभर डॉक्टर वापरतात त्या निकषांत किमान दोन झटके लागतात, आणि प्रत्येकात पूर्ण परत येणारी ताकद गेलेली हवी; शिवाय दृष्टी, संवेदना किंवा बोलणं यांपैकी निदान एक लक्षण हवं, तेही पूर्ण परत येणारं. ताकद बहुतेकांत ७२ तासांच्या आत येते, काहींना आठवडे लागतात. त्यामुळं पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर "शक्यता आहे, बघू" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत.

सुरुवात बहुधा लहानपणी किंवा विशीच्या आत होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं तर दुसरी कारणं कसून शोधावी लागतात.

जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. "मायग्रेन होतं का कुणाला?" असं विचारून काही मिळत नाही. विचारायचं असं : "कुणाला वारं जाऊन दोन दिवसांत आपोआप बरं झालं होतं का? कुणाची वाचा बसून परत आली होती का?" आमच्या आजीनं सहज सांगितलं की तिच्या धाकट्या भावाला गड्ड्याच्या यात्रेत 'बाहेरचं' लागलं होतं, हात लुळा पडला, जीभ जड झाली आणि तिसऱ्या दिवशी तो मागावर विणायला बसला. असं दोनदा झालं होतं. साठ वर्षं ती गोष्ट भुताची म्हणून घरात फिरत होती.

ही माहिती महत्त्वाची, कारण आजार घराण्यात चालत आलेला असतो किंवा एकट्यालाच होतो. घराण्यातला असेल तर प्रत्येक अपत्याला तो जनुकदोष मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. मुख्य जनुकं तीन : सीएसीएनए१ए, एटीपी१ए२ आणि एससीएन१ए. रक्तावरून तपासणी होते. ती नकारात्मक आली तरी आजार नाही असं ठरत नाही, त्यामुळं खर्च करण्याआधी उपचारात काय फरक पडेल ते डॉक्टरांना विचारा. लग्नाच्या बोलण्यात हा रिपोर्ट कुणी दाखवायचा आणि कुणाला, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा. मामाचा नाही.

पायरी ५ : गोळ्यांचा डबा रिकामा करा

हे माझ्या रोजच्या कामातलं, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

घरातल्या सगळ्या डोकेदुखीच्या पट्ट्या टेबलावर ओता आणि मागचं बारीक अक्षर वाचा, ब्रँडचं मोठं नाव नव्हे. दोन गोष्टी शोधायच्या. पहिली अर्गोटामिन : कॅफीन आणि पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असते आणि 'अर्धशिशीची गोळी' म्हणून वर्षानुवर्षं मागितली जाते. दुसरी, नावाच्या शेवटी 'ट्रिप्टान' असलेली : सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान. दोन्ही रक्तवाहिन्या आकुंचित करतात. हेमिप्लेजिक मायग्रेनमध्ये वापरू नये असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून आणलेली पट्टी बहुधा यांपैकीच निघते.

तिसरी गोष्ट बायकांनी बघायची. माला-डीसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ऑरावाल्या मायग्रेनमध्ये घेऊ नयेत, लकव्याचा धोका वाढतो. पाळी पुढं ढकलायची गोळी सणावाराला सर्रास नेली जाते; तीही विचारल्याशिवाय नको. न्यूरोलॉजिस्टसमोर हा विषय सासूबाई बसलेल्या असताना निघत नाही, तेव्हा एकटीनं विचारा. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांचंही खरं सांगा.

झटक्यात डोकेदुखीसाठी साधारणपणे पॅरासिटामॉल, नॅप्रोक्सेनसारखं वेदनाशामक आणि उलटीचं औषध देतात, तेही गिळता येत असेल तर. ताकद लगेच परत आणणारी खात्रीची गोळी नाही. तसं सांगून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका.

वेदनाशामकांचे दिवस कॅलेंडरवर फुलीनं मोजा. साध्या गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी आणू लागते.

झटके वारंवार येत असतील तर रोजचं औषध सुरू करतात : फ्लुनारिझिन, व्हेरापॅमिल, असिटाझोलामाइड, लॅमोट्रिजिन, टोपिरामेट यांपैकी काहीतरी. फ्लुनारिझिननं झोप आणि वजन वाढतं. टोपिरामेट घेणाऱ्याला घाम कमी येऊ शकतो, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत ही लहान गोष्ट नाही : लहान मुलांचं अंग तापतं. उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोला, पाणी भरपूर पाजा. व्हॅलप्रोएट दिलं असेल आणि रुग्ण मूल होण्याच्या वयातली मुलगी असेल, तर गर्भाला होणाऱ्या धोक्याबद्दल स्पष्ट विचारा.

सावध : दोन महिने झटका आला नाही म्हणून रोजची गोळी स्वतःच बंद करू नका. माझ्या दुकानातून असे किती तरी जण गायब होतात आणि पावसाळ्यात थेट अॅडमिट झाल्याची बातमी येते.

पायरी ६ : झटका कशानं येतो ते शोधा, पण वेड लागू देऊ नका

तीन महिन्यांच्या नोंदी झाल्याशिवाय "हे खाल्लं म्हणून झालं" असं ठरवू नका. लोक टोमॅटोपासून शेंगांपर्यंत सगळं सोडतात आणि झोप तेवढी सुधारत नाहीत. आमच्याकडं उत्तर झोपेतच सापडलं. पाणी येण्याच्या दिवशी रात्री दोनला उठून टाकी भरायचं काम भाचीकडं होतं. चारपैकी तीन झटके त्याच्या दुसऱ्या दिवशीचे. ते काम आता मेहुण्यांकडं आहे. यंत्रमागावर दिवसपाळी-रात्रपाळी बदलणाऱ्यांनी पाळीची तारीख नोंदीत जरूर लिहावी. निर्जळी उपवास आणि भर उन्हातला प्रवास हेही संशयित.

एक कारण मात्र सगळ्यांनीच टाळायचं : डोक्याला मार. काही रुग्णांत साधी टपली किंवा फुटबॉलचा हेडरही मोठा झटका आणतो, गुंगी आणि तापासकट. शाळेत पीटीच्या सरांना हे लिहून द्या. मांडीतून किंवा हातातून नळी घालून मेंदूची अँजिओग्राफी ठरली, तर तीसुद्धा झटका आणू शकते. आजाराचं नाव आधी सांगा.

पायरी ७ : पुढच्या झटक्याचा कागद

निदान पक्कं झाल्यावरच हा कागद डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. तोपर्यंत प्रत्येक झटका पायरी १ प्रमाणे. कागदावर हवं ते असं : आजाराचं नाव, नेहमीचा झटका कसा येतो आणि किती वेळ टिकतो याच्या दोन ओळी, चालू औषधं, 'ट्रिप्टान व अर्गोटामिन नको' असं ठळक अक्षरात, दोन फोन नंबर.

घरात क्रम : चालू द्यायचं नाही, जिना नाही, गाडी नाही. कुशीवर झोपवा, दिवा मंद करा, वेळ लिहायला लागा. उजवा हात लुळा पडला असेल तर मोबाइल डाव्या हाताशी ठेवा. "बोल ना, बोल ना" करू नका, त्याला ऐकू येत असतं.

निदान पक्कं असूनही लगेच दवाखाना गाठायचा तो यांपैकी काही झालं तर : लक्षणं सरकत न येता एकदम आली, नेहमीपेक्षा वेगळी बाजू किंवा वेगळा क्रम, ताप, फिट, गुंगी किंवा भ्रम, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी क्षणात उठली, किंवा नेहमीची मुदत उलटूनही ताकद येईना. शंका आली तर निघा. परत पाठवलं तर पाठवलं.

ताकद आल्यावर दुचाकी कधी चालवायची हे डॉक्टरांनाच विचारा. पकड आली तरी लक्ष आणि तोल मागून येतात.

आमचा कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवलाय, एक घडी भाचीच्या ओळखपत्रामागं आहे, एक फोटो घरातल्या चौघांच्या मोबाइलमध्ये. औषध किंवा डोस बदलला की त्याच दिवशी तारीख टाकून नवा कागद करा आणि जुना फाडा. गेल्या दिवाळीत आमच्याकडं दोन्ही लटकत होते आणि १०८ वाल्यांनी वाचला तो जुना.